अंगात शिल्लक

‘बोलस’ हा शब्द पेंटरच्या कानावर पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला वाटलं, दवाखान्यात शिकवणाऱ्या समोरच्या बाई आपल्यालाच विचारताहेत, ‘बोललास?’  आपल्याला काय बोलायचं होतं, कुणाशी, आणि ते राहून कसं गेलं, हे तो घाईघाईनं आठवायला लागला. शेजारी त्याची धाकटी लेक मांडीवर पर्स घेऊन शांत बसली होती. पलीकडच्या खुर्च्यांवर एक तरुण जोडपं होतं आणि त्यांची छोटी मुलगी बापाच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे आपल्याला नव्हतं विचारलं. बाईंच्या तळहातावर काड्यापेटीहून जराशी मोठी एक डबी होती, तिच्यातून बारीक पारदर्शक नळी लोंबत होती आणि त्या म्हणत होत्या, ‘‘हा पंप. दुसरं काही करत नाही, इन्सुलिन देतो. आता इंजेक्शनं बंद. आज दोनच शब्द घरी घेऊन गेलात तरी पुष्कळ झालं. बेसल आणि बोलस. बेसल म्हणजे थेंब थेंब, दिवसभर. तुम्ही जेवा, उपाशी राहा, झोपा, नवऱ्याशी भांडा, ते आपलं चालूच. आणि बोलस म्हणजे जेवायला बसलात की एकदम, त्या जेवणापुरतं.’’ तरुण बाई हसली. पेंटरही हसला, जरा उशिरा. ‘आता इंजेक्शनं बंद’ हे बाईंनी इतक्या सहज टाकलं होतं की ते त्याच्याशिवाय कुणाला लागलंच नाही.

आयुष्यभर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शब्द त्याच्याकडे कानातून येत नसत, डोळ्यांतून येत. एखादा शब्द समोर आला की तो आधी त्याची रुंदी बघायचा, मधे हवा किती सोडायची, कुठला काना अंगावर येतो, कुठली वेलांटी पाटीबाहेर डोकावते. अर्थाशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं. हल्ली कानातून आलेले शब्द थांबेनासे झाले होते, दार उघडं असलेल्या घरातून मांजर जावं तसे निघून जात, म्हणून तो त्यांना मनातल्या मनात रंगवून ठेवायला लागला होता. ‘बेसल’ त्यानं निळ्यावर पांढरा काढला. ‘बोलस’ पिवळ्यावर लाल, ठळक. दोन्ही ‘ब’नं सुरू होणारे, दोन्ही एकाच लांबीचे, एकाला नुसती मात्रा, दुसऱ्याला काना आणि मात्रा. अशा दिसायला सारख्या शब्दांना तो धंद्यात फार घाबरायचा. जरा नजर हलली की चूक होते आणि ती पुढं वर्षानुवर्षं रस्त्यावर टांगलेली राहते, येणाराजाणारा वाचतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही सांगा बघू, बेसल म्हणजे काय?’’ त्यानं आत पाहिलं. निळी पाटी होती, पांढरी अक्षरं होती, रंगसुद्धा ओला होता, पण शब्दाच्या आत काहीच नव्हतं. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे त्याला कळलं. तिनं पाहिलं असतं तर ते तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं असतं, आणि तिला त्याला फसवी मदत करायची नव्हती. खोलीत पंखा फिरत होता. ‘‘ते...’’ तो म्हणाला, ‘‘हळूहळू जाणारं.’’ ‘‘शाब्बास!’’ बाई म्हणाल्या. त्याला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. शाब्बास. धाकटीच्या अंगात आजवर जेवढं इन्सुलिन गेलं, त्यातलं बहुतेक याच हातांनी गेलं होतं, आणि आता या बाई शाब्बास म्हणत होत्या.

धाकटीला तो ठकी म्हणायचा. ठकी प्राथमिक शाळेत होती तेव्हा एकदा सारखं पाणी प्यायला लागली. नळाला तोंड लावून प्यायची, रात्री उठून प्यायची, आणि तरी ओठ कोरडे. कपडे अंगावर लोंबायला लागले. बायको म्हणाली, उन्हाळा आहे. मग एका सकाळी पोर उठेचना, आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या फळांचा वास येत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, हे आयुष्यभराचं आहे, रोज टोचावं लागेल, आणि घरात कुणीतरी शिकून घ्या. बायको म्हणजे अख्ख्या गल्लीशी एकटीनं भांडणारी बाई. ती सुई बघून भिंत धरून खाली बसली. थोरली दाराबाहेर उभी राहून रडत होती. नर्सनं विचारलं, ‘‘घरात हात कुणाचा स्थिर आहे?’’ आणि पेंटर म्हणाला, ‘‘माझा.’’ त्यानं आधी मिठाचं पाणी भरून स्वतःच्या मांडीत टोचून पाहिलं, पुन्हा पुन्हा, मांडीवर निळे ठिपके उमटेपर्यंत. पाटीवर सरळ रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा, तोच श्वास इथं कामाला आला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ठकी टेबलाखाली जाऊन बसली. बाहेर यायला तयार होईना. मग तोच टेबलाखाली शिरला, तिच्या शेजारी आडवा झाला, आणि तिथंच दिलं. ‘‘दुखलं?’’ ‘‘नाही.’’ ‘‘खोटं.’’ ‘‘एवढंसं.’’ तेव्हापासून रोज सकाळी तो विचारायचा, ‘‘डावं की उजवं?’’ आणि ती दंड पुढं करायची. इन्सुलिनला एक वास असतो, दवाखान्यातल्या नव्या पट्टीसारखा, थोडा उग्र. टर्पेंटाइनच्या वासात मुरलेल्या त्याच्या नाकाला तो वास वेगळा ओळखू यायचा. ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, मागच्या खोलीत काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. दुपारचं, संध्याकाळचं ती स्वतःच घेऊ लागली. पण सकाळचं त्याचंच राहिलं. पाट्या छापणारी यंत्रं आली, ब्रश कडक होऊन डब्यात पडले, बायको गेली, तो आपलं घर सोडून ठकीच्या दोन खोल्यांत राहायला आला. सकाळचं तरी त्याचंच होतं.

मग ती सकाळ. त्यानं इंजेक्शन दिलं. ती आरशासमोर केस बांधत होती. तो स्वयंपाकघरात दूध बघायला गेला, दूध ठीक होतं, परत आला, टेबलावर इन्सुलिन टोचायचं पेन दिसलं, ते उचललं आणि म्हणाला, ‘‘डावं की उजवं?’’ ठकी फोनवर होती. दुकानाचे मालक कुणा गिऱ्हाइकाच्या काचेबद्दल काहीतरी विचारत होते, आणि तिनं बोलता बोलता, न बघता, दंड पुढं केला. इतक्या वर्षांची सवय, दोघांचीही. दुकानात काच घासताना साखर उतरून ती चाकावरच कोसळली. भुवईवर एक खूण अजून आहे. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना म्हणाली, ‘‘माझंच चुकलं, मी फोनवर होते.’’ पण थोरली दुसऱ्या गावाहून धावत आली आणि तिनं आडपडदा ठेवला नाही. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला विसरायला होतंय. आम्हाला दोघींना माहितीय, तुम्हालाही माहितीय. आता सुई तुमच्या हातात नको.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त मान हलवत राहिला. त्याला त्या सकाळी दोनदा दिल्याचं अजूनही आठवत नव्हतं. एकदाच आठवत होतं. ती वेळ पहिली की दुसरी, हे मात्र सांगता येत नव्हतं.

‘‘आता सगळ्यांत महत्त्वाचं,’’ बाई सांगत होत्या, आणि त्यानं स्वतःला ओढून परत त्या खोलीत आणलं. ‘‘ॲक्टिव्ह इन्सुलिन. म्हणजे दिलेलं आहे, पण त्याचं काम अजून संपलेलं नाही. अंगात शिल्लक. समजा, तुम्ही तासाभरापूर्वी बोलस दिलाय. आता पुन्हा साखर जास्त वाटतेय, पुन्हा द्यावंसं वाटतंय. थांबा. आधी इथं बघा, अंगात शिल्लक किती आहे. माणूस विसरतो हो, कुणीही विसरतं. हा विसरत नाही.’’ आणि त्यांनी पंपाच्या काचेवर नखानं टकटक केलं. माणूस विसरतो, हे त्या जोडप्याकडे बघून म्हणाल्या होत्या, पण धाकटीचा हात पर्सवरून उठला आणि त्याच्या गुडघ्यावर आला. नुसता ठेवलेला, दाबलेला नाही. पेंटरनं तो शब्द रंगवायला घेतला. लांब शब्द होता, नाठाळ, ‘ॲक्टिव्ह’मध्ये दोन जोडाक्षरं आणि वर चंद्र. कुठल्या रंगात काढावा ते ठरेना. शेवटी त्यानं काळ्यावर पांढरा काढला, जसा दवाखान्याच्या पाटीवर काढतात तसा, आणि खाली बारीक अक्षरांत ‘अंगात शिल्लक’ लिहिलं. हा मात्र पुसला गेला नाही. काही शब्द शिकावे लागत नाहीत, ते आधीच टोचून ठेवलेले असतात. आणखीही शब्द आले. पोटाच्या कातडीखाली बसते ती कॅन्युला, पंप थांबवायचं ते सस्पेंड, नळीत अडथळा आला तर वाजतो तो अलार्म. ते येत गेले, जात गेले. निघताना बाईंनी त्याला जिन्यापर्यंत सोडलं. ‘‘काका, तुम्हाला आता आराम,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. चांगल्या बाई होत्या. जिना उतरताना त्यानं कठडा धरला.

घरात पंप आला आणि सकाळ रिकामी झाली. ठकी उठायची, पंप कमरेला अडकवलेलाच असायचा, चहा पिता पिता ती बटणं दाबायची, पंप बारीकसा किणकिणायचा, झालं. पेंटर टेबलाशी बसून बघायचा. तिनं त्याला सगळं नीट दाखवलं होतं, काही लपवलं नव्हतं. बोलस कुठं, सस्पेंड कुठं, शिल्लक कुठं दिसते. उलट रोज विचारायचीसुद्धा, ‘‘बाबा, आज पावाच्या दोन स्लाइस आणि दूध, किती होतील?’’ तो हिशोब करून सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचा, जुनं गणित होतं ते, हातात मुरलेलं. मग ती म्हणायची, ‘‘करेक्ट,’’ आणि बटण दाबायची. पण पंपानं तोच आकडा आधीच दाखवलेला असतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ती त्याला विचारत होती, जसं आपण लहान पोरांना भाजीची पिशवी धरायला देतो, एका बाजूनं. त्याला त्याचा राग येत नव्हता. संध्याकाळी खिडकीशी बसून तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायचा. हात स्थिर होता. आत्तासुद्धा ब्रश दिला तर एका दमात रेघ ओढेल, कुठं थरथर नाही. हाताला काही झालेलं नव्हतं, हेच वाईट होतं. हात थकला असता, थरथरला असता, तर त्या सकाळी सुई वाकडी लागली असती, ठकी ‘आई गं’ म्हणाली असती, फोन बाजूला झाला असता. हातानं दुसऱ्यांदाही तितकंच छान काम केलं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी दोघं जेवायला बसत होते. ठकीनं ताटं वाढली, खुर्ची ओढली, बटण दाबलं, पंप किणकिणला, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं दार वाजवलं. तिच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती. ठकी म्हणाली, एका मिनिटाचं काम आहे, आणि खिडकीपाशी बसून छोट्या स्क्रूड्रायव्हरनं काडी बसवायला लागली. एका मिनिटाचं काम नव्हतं. मग शिक्षिका शाळेच्या गोष्टी सांगत बसली. पेंटरनं आपलं जेवण उरकलं. ताटात काय होतं ते त्याला नंतर आठवलं नाही. शिक्षिका गेली, ठकी टेबलाशी येऊन बसली आणि ताटाकडे बघत राहिली. जेवायला सुरुवात करेना. तिच्या कपाळावर घाम होता. ‘‘जेव की,’’ तो म्हणाला. ‘‘जेवते,’’ ती म्हणाली, ‘‘पण आधी ते... ते द्यायचंय ना. ते.’’ तिला शब्द सापडत नव्हता. ती हसली, आणि ते हसू तिचं नव्हतं. लहानपणीही साखर उतरली की असंच व्हायचं. शब्द पळायचे, पोर भलतंच काहीतरी बोलायची, दारालाच ताई म्हणायची, चमच्यावर रागवायची, आणि मग शब्द असायचे पेंटरकडे. ‘बस. पी हे. गिळ. अजून एक घोट.’ आता दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते आणि शब्द कुणाकडेच नव्हता. ठकीनं पंप कमरेवरून काढून हातात घेतला. बोटं बटणांवर घसरत होती. ‘‘बाबा, द्या ना,’’ ती चिडून म्हणाली, ‘‘मला दाबता येत नाही. तुम्ही द्या. जेवणाचं राहिलंय.’’ आणि तिनं पंप त्याच्या हातात दिला.

तो हातात येताच पेंटरला एकदम बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. किती दिवसांनी तिनं मागितलं होतं. द्या ना, बाबा. अंगठा आपोआप त्या बटणावर गेला. राहिलंय म्हणते. तिला माहीत असणार, अंग तिचं आहे. की आपण मघाशी किणकिण ऐकली? ऐकली होती का? की ती कालची, सकाळची, रोजची? त्यानं आत शोधलं आणि आत नुसता वाफ धरलेला आरसा होता. तेव्हा त्या वाफेत काळ्यावर पांढरी ती पाटी दिसली, दोन जोडाक्षरं आणि वर चंद्र. त्यानं अंगठा उचलला, काच डोळ्यांशी नेली. शिल्लक होती. चांगली भरभक्कम शिल्लक होती. ‘‘दिलंयस तू,’’ तो म्हणाला. ‘‘नाही दिलं!’’ ‘‘ठकी, दिलंयस. इथं दिसतंय. जेवणाचं दिलंयस आणि जेवलीच नाहीस.’’ ‘‘तुम्हाला काय आठवतंय?’’ ती ओरडली, ‘‘तुम्हाला कधी काय आठवतं?’’ ती शुद्धीत असती तर हे बोलली नसती, हे त्याला माहीत होतं. पण शब्द कुठूनतरी आले होते, तिच्याच आत कुठंतरी होते. त्यानं ते बाजूला ठेवलं. पंप नळीसकट तिच्या हाताला पोचणार नाही असा मुठीत धरला, दुसऱ्या हातानं साखरेचा डबा ओढला, पेल्यात साखर ओतली, पाणी ओतलं, ढवळायलासुद्धा थांबला नाही, आणि तिच्या मागं उभं राहून तिची हनुवटी वर धरली. ‘‘पी. गिळ. अजून एक घोट.’’ तिनं त्याच्या मनगटावर नखं रुतवली. अर्धं पाणी गळ्यावरून कपड्यांवर गेलं. मग ती प्यायला लागली. मग स्वतःच पेला धरून प्यायली. हळूहळू तिचे डोळे परत आले, आधी रागीट, मग नुसतेच थकलेले. तिनं ओल्या कपड्यांकडे पाहिलं, त्याच्या मनगटाकडे पाहिलं. ‘‘मी पुन्हा देत होते?’’ ती म्हणाली. ‘‘हो.’’ ‘‘आणि तुम्ही नाही दिलं.’’ ‘‘नाही दिलं.’’ ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि तो तिच्या घामेजलेल्या केसांवरून हात फिरवत उभा राहिला. त्याला वाटलं, आता काही झालं तरी चालेल. एवढं एक आपल्या नावावर राहिलं.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला तेव्हा तो स्वतःहून सांगायला बसला. आवाज चढला होता, हातवारे होत होते. ‘‘अगं, ती टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर येईना. मी म्हटलं थांब. मीही शिरलो खाली. तिथंच आडवा झालो. म्हटलं, दिलंयस तू, दिलंयस, काचेवर दिसतंय. तुझी आई भिंत धरून बसलेली, तिचा काही उपयोग नाही. तू दाराबाहेर रडतेयस. मी हनुवटी धरली न् पाजलं.’’  पलीकडून थोरली म्हणाली, ‘‘हो बाबा. छान केलंत.’’ शाब्बास म्हणणाऱ्या बाईंसारखा आवाज. त्यानं मान वळवली. ठकी स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं लगेच पुसलं, पण त्याला वाचता आलं. आयुष्यभर तो हाच चेहरा वाचत आला होता. आपण काहीतरी दोन गोष्टी एकात घातल्या. कुठल्या दोन? टेबल होतं हे खरं. साखर होती हे खरं. नखं? त्यानं मनगट पाहिलं. नखांच्या खुणा होत्या. त्या मनगटाला धरून तो बराच वेळ बसला. दुपारी जे मिळालं होतं ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. ठकीनं येऊन फोन ठेवला आणि म्हणाली, ‘‘आज तुम्ही होता म्हणून.’’ ते खरं होतं. पण आता ते तिच्याकडे होतं, त्याच्याकडे नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस तो शहाण्यासारखा वागला. कमी बोलायचा. कुणी काही सांगितलं की ‘हो, हो’ म्हणायचा आणि मग एकट्यानं आत जाऊन बघायचा, खरंच आहे का. कधी असायचं, कधी नसायचं. ठकी आंघोळीला जाताना पंप काढून टेबलावर ठेवायची. नळी कमरेपाशी सुटी होते, पाण्यात पंप नेत नाहीत. बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा, आणि पंप टेबलावर नुसता पडलेला असायचा, कुणाशी न जोडलेला. एका सकाळी तो खिडकीशी बसला होता. बाहेर समोरच्या इमारतीवर कुणीतरी नवी पाटी चढवत होतं, छापील, चकचकीत. आतून पाण्याचा आवाज येत होता. पुढचं त्याला एवढंच कळलं की नाकात वास आला. दवाखान्यातल्या नव्या पट्टीसारखा, थोडा उग्र. तो वास त्याला इतका ओळखीचा, इतका आपला वाटला की तो क्षणभर सुखानं उभा राहिला, डोळे मिटून, सगळं जागच्या जागी आहे, सकाळ आहे, ठकीची शाळा आहे, बायको आत भांडी वाजवतेय. मग त्याला कळलं की तो टेबलाशी उभा आहे. हातात पंप आहे. अंगठा बटणावर आहे. पंप किणकिणतोय आणि नळीच्या सुट्या टोकातून थेंबामागून थेंब टेबलावर पडतोय. स्वच्छ, पाण्यासारखं तळं साचलं होतं, नखाएवढं. आणि त्याच्या तोंडातून शब्द येत होते, बहुतेक मघापासून येत असावेत, ‘‘डावं की उजवं? ठकी? डावं की उजवं?’’

त्यानं अंगठा उचलला. पंप आपलं ठरलेलं देऊन गप्प झाला.  पेंटरला नुसतं स्वच्छ दिसलं, पाटीवरची धूळ पुसल्यावर अक्षर दिसावं तसं. नळी आज सुटी होती. उद्या ती सोफ्यावर झोपलेली असेल, नळी जोडलेली असेल, आणि आपण चांगल्या मनानं, स्थिर हातानं जाऊ. त्यानं तळं पुसलं नाही. आधी फडकं उचललं होतं, मग खाली ठेवलं. ती येईपर्यंत आपल्याला आठवेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून तो तिथंच उभा राहिला, एका हातात पंप, दुसऱ्या हाताचं बोट त्या तळ्याच्या कडेला टेकवून, आणि मनातल्या मनात म्हणत राहिला, मी दाबलं, मी दाबलं, मी दाबलं. बाथरूमचं दार उघडलं. ठकी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि जागीच थांबली.

‘‘मी दाबलं,’’ तो म्हणाला.

तिनं टेबलाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. ‘‘काही नाही झालं, बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘जोडलेला नव्हता. जरासं वाया गेलं. मी आता आत घेऊन जात जाईन.’’

‘‘ते नको. याला कुलूप लावता येतं का?’’

ती टेबलावरचं फडकं उचलू लागली.

‘‘येतं ना? तू शिकलीस तेव्हा बाईंनी सांगितलं असेल. मला आठवत नसेल.’’

‘‘येतं,’’ ठकी म्हणाली. ‘‘आकडे घालून लॉक होतो. तुमच्यासमोर लावायला नको वाटत होतं.’’

‘‘आत्ता लाव.’’

तिनं त्याच्या हातातून पंप घेतला. ओल्या केसांतून पाणी तिच्या खांद्यावर टपकत होतं. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि आकडे दाबल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं कानांवर हात ठेवले. किती वेळा दाबलं हेही त्याला ऐकायचं नव्हतं. तिनं त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा तो वळला. पंप तिच्याकडून मागून घेतला, सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. काच उजळायची, आकडे मागायची, विझायची. ‘‘नाही उघडत,’’ तो म्हणाला. काम नीट झालंय की नाही हे बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. मग त्यानं पंप तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं वरून मिटवली.

‘‘आकडे मला सांगायचे नाहीत. मी विचारले तरी.’’

‘‘नाही सांगणार.’’

‘‘चिडलो, ओरडलो तरी. म्हणालो, पोरगी मरायला टेकलीय, आकडे सांग, तरी.’’

‘‘बाबा.’’

‘‘तरी सांगायचे नाहीत. तेव्हा मला सांग की मीच लावून घेतलं होतं. मीच म्हणालो होतो.’’

ठकीचे ओठ हलले. टॉवेल सुटून खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही. ‘‘आणि तेव्हा तुमचा विश्वास नाही बसला तर?’’

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, जसा तो पाटी रंगवायच्या आधी लांब उभा राहून करायचा.

‘‘नाहीच बसणार,’’ तो म्हणाला. ‘‘तरी सांग.’’